आबाजींच्या करदोड्याखालचा डाग

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि घरात कुणाला आठ-दहा दिवसांपासून ताप असेल, तर निदान शेवटचा भाग आधी वाचून घ्या, बाकी मग वाचा.

आमच्या आबाजींच्या कमरेवर उजव्या अंगाला, करदोड्याच्या जरा खाली, एक डाग होता. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, मधे खोलगट, कडेला काळपट. विहिरीवर आंघोळ करताना दिसायचा. आम्ही पोरं विचारायचो, "आबाजी, गोळी लागली होती का?" आबाजी हसायचे. "गोळी कायची रे, ब्रह्मदेशाचा ताप आला होता. त्यानं चटका देल्ला." आजीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते आबाजी पलटणीत विड्या ओढायला शिकले आणि एकदा पेटती विडी कमरेला खोसली, त्याचा तो चटका. आबाजी यावर काही बोलत नसत. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं आजीचं बोलणं ऐकू आलं नाही अशी सोयही होती. तो कानही त्या तापातच गेला, असं ते सांगत. ते आम्हाला कधी खरं वाटलं नाही. तापानं कुठं कान जातो का?

आमचं गाव सौसर तालुक्यातलं, वावर जाम नदीच्या बाजूला. आज हा सगळा भाग पांढुर्णा जिल्ह्यात येतो, २०२३ साली जिल्हा झाला. त्याआधी छिंदवाडा जिल्हा. आणि आबाजींच्या तरुणपणी हा मध्यप्रांत-वऱ्हाड होता, राजधानी नागपूर. म्हणजे आमची राजधानी दीड-दोन तासांवर होती आणि भाषाही तीच. १९५६ साली रेषा ओढली गेली आणि आम्ही मराठी बोलणारे पलीकडच्या राज्यात राहिलो. हा वेगळा विषय आहे, त्यावर भांडण नको. सांगायचं एवढंच की १९४३ साली पलटणीत जायचं तर आमच्याकडचा माणूस नागपूर-कामठीच धरायचा. कामठीची छावणी इंग्रजांच्या जुन्या काळापासूनची, आणि महार रेजिमेंटची दुसरी बटालियनही १९४२ साली तिथंच उभी राहिली.

आबाजी लढणाऱ्या पलटणीत नव्हते. ते पायोनियर कोरमध्ये होते, म्हणजे रस्ते खोदणं, पूल बांधणं, दगड फोडणं, ओझी वाहणं. घरात ही गोष्ट अभिमानानं कुणी सांगितली नाही. कारण उघड आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूरला काय झालं ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं, आष्टी तर काही फार लांब नाही. त्यानंतर वर्षभरात इंग्रजांच्या फौजेत भरती होणारा माणूस गावात ताठ मानेनं कसा फिरणार? पण घरात खाणारी तोंडं नऊ आणि वावर तीन एकर, तेही कोरडवाहू. फौजेत पोटभर जेवण, कपडा आणि घरी मनीऑर्डर. पोस्टमन दर महिन्याला दारात यायचा आणि त्या पैशांवर आबाजींच्या दोन बहिणींची लग्नं झाली. हे आजी सांगायची, आबाजी नाही.

नागपूरहून रेल्वेनं कलकत्ता, पुढं आसामात दिमापूर. त्या स्टेशनचं नाव तेव्हा 'मणिपूर रोड' असं होतं. तिथून ट्रकनं डोंगर चढून कोहिमा, मग इम्फाळ. १९४४ च्या मार्चमध्ये जपान्यांनी इम्फाळ आणि कोहिमावर चाल केली. या लढाईत मराठी माणूस कुठं होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. सांगशाक नावाचं एक नागा गाव आहे. तिथं मार्चच्या शेवटच्या दिवसांत ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. पाणी नाही, वरून टाकलेलं सामान शत्रूच्या हद्दीत पडतंय, आणि तरी त्यांनी जपान्यांचा अख्खा रेटा काही दिवस अडवून धरला. त्या थोड्या दिवसांत इम्फाळला सावरायला वेळ मिळाला. आपल्याकडं नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं घेतली जातात, ती घेतलीच पाहिजेत. पण ते दोघं इटलीत लढले. सांगशाकचं नाव आपल्या शाळेत कुणी सांगितलं नाही.

जुलैमध्ये जपानी फौज मागं हटली आणि ऐन पावसात पाठलाग सुरू झाला. पाचवी हिंदी डिव्हिजन इम्फाळहून दक्षिणेला टिड्डीमच्या रस्त्यानं निघाली. रस्ता म्हणजे काय, डोंगराच्या पोटाला खरवडलेली चिखलाची पट्टी. दरड कोसळली की पायोनियरवाल्यांनी ती काढायची, फौज पुढं गेली की पुन्हा कोसळायची. टिड्डीमच्या अलीकडं एक चढ आहे, त्याला अडतीस नागमोडी वळणं. गोऱ्या शिपायांनी त्याला 'चॉकलेटचा जिना' असं नाव दिलं होतं, कारण सगळा चिखल त्या रंगाचा. आबाजींनी चॉकलेट तेव्हा पाहिलेलं नव्हतं. ते त्याला 'गुळाचा घाट' म्हणायचे. त्या घाटाच्या अलीकडं कुठंतरी, ऑक्टोबरच्या सुमारास, त्यांना ताप भरला.

आता तापाकडं येतो, कारण पोस्ट लिहायचं कारण तेच आहे.

लढाईत माणसं गोळीनं मरतात असं आपल्याला वाटतं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तसं नव्हतं. चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनीच लिहून ठेवलंय की १९४३ साली जखमी होऊन मागं पाठवलेल्या एका माणसामागं आजारी पडून मागं आलेले १२० होते. एकाला एकशेवीस! मलेरिया, आव, कातडीचे रोग. मलेरियावर निदान मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या होत्या. रांगेत उभं करून, तोंड उघडायला लावून त्या गिळायला लावत. आबाजी सांगायचे की गोळी खाऊन खाऊन माणसं हळदीच्या नवरदेवासारखी पिवळी दिसत. पण एक ताप असा होता की त्यावर डॉक्टरकडं काहीच नव्हतं. त्याचं नाव स्क्रब टायफस.

स्क्रब म्हणजे खुरटं झुडपी रान. हे नाव पडलं ते मलायात, १९२० नंतरच्या वर्षांत. क्वालालंपूरला फ्लेचर आणि लेस्लर हे दोन डॉक्टर होते. त्यांच्या ध्यानात आलं की टायफसच्या तापाचे तिथं दोन प्रकार आहेत. एक शहरात दुकानदारांना होणारा आणि दुसरा पाम तेलाच्या मळ्यात, वाढलेल्या गवतात राबणाऱ्या मजुरांना होणारा. रक्ताची जी तपासणी होती ती एकाला लागू पडायची, दुसऱ्याला नाही. मजुरांचा तो स्क्रब टायफस. त्या मळ्यांवर राबणारे बरेचसे आपल्याच देशातून गेलेले तमिळ लोक.

खरं तर हा ताप जपानच्या शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. निगाता, अकिता, यामागाता या भागांत नद्यांना उन्हाळी पूर यायचे आणि पूर ओसरला की गाळाच्या जमिनीत शेतकरी उतरायचे. त्यातले कित्येक तापानं जायचे. ते त्याला 'त्सुत्सुगामुशी' म्हणत, त्सुत्सुगा म्हणजे पीडा आणि मुशी म्हणजे किडा. किड्याचा कोप होऊ नये म्हणून त्यांनी नदीकाठी छोटी देवळंसुद्धा बांधली होती. आपल्याकडं मरीआई तशीच. जंतू शोधून काढणारे संशोधकही बहुतेक जपानी, आणि त्यांतले काही जण प्रयोगशाळेत हाच ताप लागून गेले. आज त्या जंतूच्या शास्त्रीय नावात 'त्सुत्सुगामुशी' हाच शब्द आहे. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, ज्या देशानं या तापाला नाव दिलं त्याच देशाची फौज इम्फाळहून परतताना भुकेनं, मलेरियानं, आवेनं, असल्या तापांनी रस्त्याच्या कडेला पडली. जपानी लोक त्या वाटेला 'पांढऱ्या हाडांचा रस्ता' म्हणतात. आबाजींनी ती हाडं नाही, ती माणसं पाहिली होती. त्याबद्दल ते फक्त एकदा बोलले, मी अकरावीत असताना. म्हणाले, "आमच्यासारखेच पोट्टे होते रे. पायात जोडा नाही. मिशी फुटलेली नाही." एवढंच.

हा किडा आहे तरी कसा? मृगाचा पाऊस पडला की वावरात लाल मखमली किडे निघतात ना, आपण पोरं काड्यापेटीत भरून ठेवायचो, हिंदीत त्याला बीरबहूटी म्हणतात. तो बिचारा निरुपद्रवी आहे. पण त्याच्या गोतातलाच एक फार बारीक भाऊबंद आहे, त्याला चिगर म्हणतात. डोळ्यांना दिसेल न दिसेल असा, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, केशरी-लालसर. अंड्यातून निघाल्यावर त्याला सहा पाय असतात आणि फक्त याच वयात तो जनावराला चावतो. गवताच्या पात्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गठ्ठ्यानं बसून वाट पाहतो. उंदीर गेला की उंदरावर, माणूस गेला की माणसावर. अंगावर चढला की वर वर सरकत जातो आणि जिथं कपडा घट्ट आवळलेला असतो तिथं अडतो. कमर, जांघ, काख, गुडघ्याची मागची बाजू. आता आबाजींचा करदोडा आठवा. तिथं तो दोन-चार दिवस चिकटून राहतो, रक्त नाही पीत, कातडीतला रस पितो. दुखत नाही, बहुतेकदा खाजतही नाही. मग गळून पडतो, मातीत जातो, आठ पायांचा होतो आणि उरलेलं आयुष्य मातीतल्या बारक्या किड्यांच्या अंड्यांवर काढतो. पुन्हा कधी कुणाला चावत नाही.

यात एक कोडं आहे आणि शास्त्रज्ञांना ते बरीच वर्षं पडलं होतं. डास एकाला चावतो, मग दुसऱ्याला, म्हणून मलेरिया पसरतो. हा किडा तर जन्मात एकदाच चावतो. मग याच्या तोंडात रोग येतो कुठून? उत्तर असं की तो आईकडून येतो. जंतू मादीच्या अंड्यातून पिलात उतरतो, पिढ्या न् पिढ्या. म्हणजे रोगाचं घर उंदीर नाही, किडाच आहे. उंदीर फक्त त्याचं जेवणाचं ताट. म्हणूनच हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. आमच्या काकूच्या हातचा चहा महिनाभर कुणी प्यायलं नाही, ते सगळं उगाच होतं. त्याचं पुढं सांगतो.

इम्फाळला १९४५ च्या सुमारास मित्रराष्ट्रांनी या तापासाठी खास प्रयोगशाळा उघडली. तिथं ऑडी नावाचे संशोधक होते. ते आणि त्यांची माणसं उंदीर पकडत, त्यांच्या कानांतले किडे मोजत हिंडत. त्यांना आढळलं की हा रोग घनदाट जंगलात फारसा नाही. तो आहे जंगलाच्या कडेला, पडीत टाकलेल्या शेतात, रान तोडून पुन्हा वाढलेल्या झुडपात, ओढ्याच्या काठी, आणि सोडून दिलेल्या छावण्यांच्या जागी. म्हणजे जिथं माणसानं एकदा हात लावून जमीन सोडून दिली तिथं. तेही सगळीकडं सारखा नाही. वीस पावलांच्या एका तुकड्यात किडेच किडे आणि बाजूला एकही नाही. एकाच तुकडीतल्या दोघांनी शेजारी शेजारी पथाऱ्या टाकल्या, एकाला ताप, दुसऱ्याला काही नाही. शिपायांना यात दैव दिसायचं. तसं दिसणारच.

औषध नव्हतं, तेव्हा अडवणं एवढंच हातात होतं. छावणी करायच्या आधी गवत कापायचं, जाळायचं, जमीन उन्हात तापू द्यायची. जमिनीवर झोपायचं नाही, बांबूचा माच करायचा. आणि कपड्यांना एक तेलकट औषध चोळायचं, डायमिथाइल थॅलेट. त्याचा उपयोग व्हायचा, ऑस्ट्रेलियन फौजेनं न्यू गिनीत ते आधी करून पाहिलं होतं. आबाजींना नाव माहीत नव्हतं, पण मोजे, विजारीचे काठ आणि बाह्या यांना 'ते तेल' हातानं चोळायचा हुकूम होता हे त्यांना आठवत होतं. हुकूम असला तरी धो धो पावसात दरड उपसणारा माणूस तेल किती दिवस टिकवणार? अमेरिकनांचे मेरिल यांचे जंगलातले लढवय्ये मिचीनाकडं गेले, तेही या तापानं हैराण झाले.

आबाजींचा ताप चौदा-पंधरा दिवस उतरला नाही. डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लाल, अंगावर पुरळ, मग बडबड सुरू. ते म्हणायचे, "मले वाटे का मी पांढुर्ण्याच्या गोटमारीत उभा हावो, अन् दोन्हीकडून गोटे येऊन राह्यले." एका मद्रासी वॉर्डबॉयनं त्यांना चमच्यानं पाणी पाजून जगवलं. तेव्हाचा उपचार म्हणजे तोच, पाणी, पथ्य, शुश्रूषा. पेनिसिलिन तोवर आलं होतं, सगळीकडं त्याचा जयजयकार होता, पण या जंतूवर त्याचा काही उपयोग नाही, कारण हा पेशीच्या आत शिरून बसतो. त्यांच्या शेजारच्या खाटेवर भंडाऱ्याकडचा एक जण होता. तो आठव्या दिवशी गेला. त्याचं नाव आबाजींना शेवटपर्यंत आठवत होतं, पण मी ते लिहून घेतलं नाही आणि आता मला आठवत नाही. ही माझी चूक.

इम्फाळला हिंदी फौजेचं एक कब्रस्तान आहे आणि तिथंच दहन झालेल्यांचं स्मारक. त्यावर ८६८ हिंदू आणि शीख शिपायांची नावं आहेत. कोण गोळीनं गेला आणि कोण तापानं, ते दगडावर लिहिलेलं नसतं.

ज्या औषधानं आबाजी चार दिवसांत उठून बसले असते ते तीन-साडेतीन वर्षं उशिरा आलं. १९४८ साली अमेरिकन डॉक्टर स्मॅडेल आणि त्यांची माणसं क्लोरोमायसेटिन नावाचं नवं औषध घेऊन क्वालालंपूरला गेली आणि तिथल्या स्क्रब टायफसच्या रोग्यांना दिलं. ताप झरझर उतरला. त्यात एक गंमत झाली. स्क्रब टायफस समजून ज्यांना औषध दिलं त्यांतल्या काहींना खरा टायफॉइड, म्हणजे आपला मुदतीचा ताप निघाला, आणि तोही बरा झाला! टायफॉइडवर पहिलं खात्रीचं औषध असं अपघातानं सापडलं. पुढं टेट्रासायक्लिन आलं, मग डॉक्सिसायक्लिन. रोग संपला असंच सगळ्यांना वाटलं. १९६५ च्या लढाईच्या वेळी सरहद्दीवरच्या जवानांत आणि १९९० च्या सुमारास पुन्हा एकदा तो दिसला, तेवढ्यापुरता. व्हिएतनाममध्ये अमेरिकन शिपायांना झाला. पण सैन्याचा रोग तो सैन्यातच, अशी समजूत पक्की झाली. डॉक्टरकीच्या पुस्तकात तो एका परिच्छेदापुरता राहिला.

गेला मात्र नव्हता. जाणकारांचं एक म्हणणं मला पटतं. साठ-सत्तरच्या दशकांत गावचा डॉक्टर कुठल्याही लांबलेल्या तापाला क्लोरोमायसेटिन किंवा टेट्रासायक्लिन द्यायचा. तो टायफॉइड समजून द्यायचा, पण आत स्क्रब टायफस असला तरी तोही बरा व्हायचा, कुणाला पत्ता न लागता. नंतर ही औषधं मागं पडली, महागडी इंजेक्शनं आली, ती टायफॉइडला चालतात पण या जंतूला नाही. आणि मग २००० नंतर हिमाचलात, तमिळनाडूत वेल्लोरला, ईशान्येत, राजस्थानात हा ताप पुन्हा दिसू लागला. गोरखपूरला दर पावसाळ्यात मेंदूच्या तापानं जी मुलं जात होती, त्यांतल्या पुष्कळांच्या मागंही हाच निघाला.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तो विदर्भात आला. म्हणजे आला नसेल, ओळखू आला. नागपूरच्या मेडिकलमध्ये रोगी येऊ लागले, पेपरात रोज बातम्या. नागपूर ग्रामीण, अमरावती, चंद्रपूर, आणि आमच्या छिंदवाड्याकडचेही. सरहद्दीची रेषा किड्याला कुठं माहीत. आम्ही त्या बातम्या वाचल्या आणि पान उलटलं.

त्या वर्षी पोळा ९ सप्टेंबरला होता. बासष्ट वर्षांच्या आमच्या काकांनी पोळ्याच्या आदल्या दोन दिवसांत बैलांसाठी धुऱ्यावरचं गवत कापलं, दुपारी संत्र्याच्या बागेत झाडाखाली आडवे झाले, जसे दर वर्षी होतात. अनंतचतुर्दशीच्या आधी ताप. पहिल्यांदा वाटलं पाऊस लागला. मग टायफाइडचा रिपोर्ट आला, सलाइन सुरू. मग प्लेटलेट कमी झाल्या म्हणून डेंगू म्हणाले. एका खाजगी दवाखान्यातून दुसऱ्या, तिथून नागपूरला तिसऱ्या. मी नावं घेत नाही, घेऊन उपयोग नाही. त्यांना कुणी उघडं करून नीट तपासलं नाही हे खरं, आणि आम्हीही तपासा म्हणालो नाही हेही खरं. अकराव्या दिवशी धाप लागली, मूत्रपिंडं थांबली. पितृपक्षात गेले.

अंगणात आंघोळ घालताना माझ्या वडिलांनी करदोडा तोडायला हात घातला आणि थांबले. करदोड्याखाली, मागच्या बाजूला, एक काळी खपली होती. भोवती लाल कडं. विडीनं डागल्यासारखी. बाबा खाली बसले. म्हणाले, "हा त आबाचा डाग हाय." मोठ्यानं नाही म्हणाले. आम्हा दोघा-तिघांनाच ऐकू आलं.

ज्या डागाबद्दल आम्ही साठ-सत्तर वर्षं विडी की गोळी म्हणून हसत होतो, तो आमच्या घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. रक्ताचा नमुना आधीच कुठंतरी पाठवलेला होता. रिपोर्ट तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी हातात पडला. स्क्रब टायफस.

गावात मग बोलणं सुरू झालं, लागट रोग आहे, त्यांच्याकडं जाऊ नका. काकूनं ते सगळं गिळलं.

२०२१ च्या दिवाळीत माझ्या चुलत वहिनीला ताप आला. संत्र्याच्या बागेत निंदण सुरू होतं, ती त्यात होती. तिसऱ्या दिवशी काकूनं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि मोबाइलची बॅटरी लावून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. वहिनी लाजली, रडली. काकू म्हणाली, "लाजू नको माय. मले तेव्हा पाहू देल्लं असतं त आज ते असते." छातीच्या खालच्या वळीत तो सापडला. बायकांमध्ये तो बहुतेकदा अशाच जागी असतो, म्हणून पुरुष डॉक्टरच्या नजरेला पडत नाही आणि बाई स्वतः सांगत नाही. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. औषध साधंच आहे, डॉक्सिसायक्लिन, आणि गरोदर बाईला किंवा गरज पडली तर ॲझिथ्रोमायसिन. किती, कुणाला, ते डॉक्टर ठरवतील, मनानं घेऊ नका. आजार बळावलेला असेल तर ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिल्यानं जास्त उपयोग होतो, असं वेल्लोरच्या डॉक्टरांनी देशातल्या इतर हॉस्पिटलांबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं, तो २०२३ साली छापून आला.

एक लक्षात ठेवा, खपली प्रत्येकाला असतेच असं नाही. ती नाही म्हणजे हा ताप नाही असं समजू नका. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत, वावरात जाणाऱ्या माणसाचा ताप पाच दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टरांना 'स्क्रब टायफस असेल का' हे आपण होऊन विचारा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. वावरातून आलं की कपडे बदला, गरम पाण्यानं अंग घासून आंघोळ करा, गवतावर उघड्या अंगानं झोपू नका. धुऱ्यावरचं गवत कापून ठेवा.

आबाजींची पेटी अजून आमच्याकडं आहे. तिच्यात दोन बिल्ले आहेत, त्यातला एक बर्मा स्टार, त्याची फीत उंदरांनी खाल्लेली. आणि फौजेतून सुटल्याचा एक कागद आहे, इंग्रजीत, शाई उडालेली. त्यावर दवाखान्यात किती दिवस होते तो आकडा होता असं बाबा म्हणतात, आता तो वाचता येत नाही.

पांढुर्णा, सौसर, रामाकोना, मोहगाव, लोधीखेडा, तिगाव, या भागातून कुणाचे आजोबा-पणजोबा त्या लढाईत गेले असतील तर खाली लिहा. पेबुक, बिल्ले, मनीऑर्डरच्या पावत्या, जे असेल त्याचा फोटो टाका. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद जातात. आणि ब्रह्मदेशात आबाजींच्या शेजारच्या खाटेवर गेलेला तो भंडाऱ्याकडचा माणूस कुणाच्या घरातला असेल, तर मला सांगा. त्याला शेवटचं पाणी आबाजींनी पाजलं होतं, हे त्याच्या घरच्यांना सांगायचं राहून गेलंय.